टोपी बसत नाही

मिस्त्री: कात्री ठेव खाली म्हटलं ना मघाशी? दोन हात कमी पडताहेत मला.

बायको: आले, आले. या सीटची एवढी एक शिवण राहिलीय.

मिस्त्री: सीट काही पळून जात नाही. पेंटरला नेमकं आजच घर बदलायचं सुचलं. नाहीतर तुला हाक मारलीच नसती.

बायको: ते माहीत आहे हो. चौतीस वर्षं याच गॅरेजात बसून सीटा शिवतेय, पण पत्र्याच्या कामाला कधी हाक आली नाही. सांगा, कुठे धरू?

मिस्त्री: गाडीच्या पलीकडे जा. दोन्ही हातांनी कडेला धर. वाकवू नकोस, तडकलं तर मेलो.

बायको: अगंबाई, हे तर काहीच वजन नाही! मला वाटलं चौघं लागतील उचलायला.

मिस्त्री: कार्बन फायबर आहे ते. काळे धागे विणायचे, वर राळ ओतायची आणि साच्यात घालून कडक करायचं. पत्र्यासारखं ठोकून वळवता येत नाही. निघालं तसं राहतं.

बायको: विणकाम दिसतंय खरं. चांगलं बारीक आहे. पण हे कशाला? गाडीला छत आहेच की.

मिस्त्री: त्या छतावर हे चिकटवायचं. शोभेला. टोपी म्हण.

बायको: म्हणजे गिऱ्हाइकाला डोळ्यांदेखत टोपी घालायची.

मिस्त्री: टोपी तिनेच आणून दिलीय, आपण नुसती घालतोय. फांदी पडून छताला हा एवढा खड्डा पडला होता. तूच नाही का आतलं कापड सोडवून दिलंस? खड्डा काढला मी. म्हटलं आता रंग देऊ, तर म्हणाली रंग नको, वरून हेच लावा.

बायको: रंग नको म्हणाली?

मिस्त्री: झाकायचंच आहे तर रंग कशाला? पोरगी शहाणी आहे.

बायको: म्हणजे पेंटरने या छताला हातच लावला नाही.

मिस्त्री: त्याचं कामच काय? पुट्टी नाही, रंग नाही. मी खड्डा काढला, घासलं, प्रायमर मारला. झालं. हं, ठेव हळूच. आधी कोरडंच बसवून बघायचं. एकदा गोंद लावला की पंधरा मिनिटांचा खेळ. मग देव खाली आला तरी निघत नाही.

बायको: ठेवलं.

मिस्त्री: पुढची कड रबराला भिडली?

बायको: भिडली. जरा तुमच्या बाजूने दाबा बरं.

मिस्त्री: दाबलं.

बायको: माझी बाजू उचलली.

मिस्त्री: मग तू दाब.

बायको: आता तुमची उचलली. डुगडुगतंय हे. मोडक्या स्टुलासारखं.

मिस्त्री: तिरकं ठेवलं असशील. उचल. आता माझ्याबरोबर ठेव. एक, दोन...

बायको: परत तेच. मधे कुठेतरी टेकतंय.

मिस्त्री: साचाच चुकलेला आहे याचा. तरी मी म्हणत होतो. हल्ली कुणीही उठतं आणि काहीही विकतं.

बायको: आणि छत चुकलं असेल तर?

मिस्त्री: कुणाचं छत? हे? अगं, मी काढलंय ते. सकाळपासून तीनदा हात फिरवलाय. लोणी आहे लोणी.

बायको: चौथ्यांदा फिरवा. ही टोपी उचलून ठेवू बाजूला.

मिस्त्री: तुझ्या समाधानासाठी हं. हे बघ. पुढून मागे. आता आडवा. काय आहे? काही नाही.

बायको: मधल्या बोटाखाली काय लागतंय?

मिस्त्री: सांगितलं ना, काही नाही.

बायको: बरं.

मिस्त्री: बरं काय बरं? तुझं ते ‘बरं’ मला माहीत आहे. आता मी सांगतो तसं करायचं. मधे गोंद पातळ लावायचा, कडेला जाड. दारांतून दोन पट्टे घ्यायचे आणि वरून आवळायचे. सकाळपर्यंत बसेल मुकाट्याने.

बायको: दाबून बसवलेलं मुकाट्याने किती दिवस बसतं?

मिस्त्री: अगं, याच गोंदावर गाडीची पुढची काच राहते. टोपी नाही राहणार?

बायको: काच आपल्या जागी बसलेली असते, तिला सारखं उठायचं नसतं. ही पोरगी शनिवारी पहाटे निघणार आहे. महामार्गाने चारशे किलोमीटर. मला म्हणाली होती. कडेखाली वारा शिरला आणि हे उडालं, तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय?

मिस्त्री: शुभ बोल नाऱ्या!

बायको: नाऱ्या खरं तेच बोलतोय. छत मधे उंच राहिलंय.

मिस्त्री: कशावरून?

बायको: मी हात फिरवला. तुमच्या मागोमाग, आत्ता. तुमचं मधलं बोट होतं ना, बरोबर त्याच्याखाली टेंगूळ आहे. पोर पडलं की कपाळाला येतं तेवढं.

मिस्त्री: माझ्या बोटाखाली टेंगूळ, आणि ते मला कळणार नाही?

बायको: नाही कळणार.

मिस्त्री: काय म्हणालीस?

बायको: तुमच्या हाताला कळत नाही आता. वर्ष झालं.

मिस्त्री: उचलली जीभ लावली टाळ्याला!

बायको: गेल्या वर्षी माझी टाचणी तुमच्या अंगठ्यात घुसली होती. निम्मी आत. तुम्ही तसेच घरी आलात, तसेच जेवायला बसलात. तुमच्या हातावर पाणी घातलं तेव्हा मी ती ओढून काढली. तुम्हाला पत्ताही नाही, बातम्या बघत होतात.

मिस्त्री: हातोडी धरून कातडी जाड होते. कुणाचीही होते.

बायको: कातडी पहिल्यापासून जाड आहे. तरी केसाएवढा उंचवटा तुम्हाला सापडायचा. माझ्या साडीला गाठ पडली तरी सांगायचात.

मिस्त्री: आणि वर्षभरात एवढ्या गाड्या गेल्या त्या कशा गेल्या? एक तरी परत आली? सांग ना.

बायको: दुपारी तुम्ही आत पडायला जाता, तेव्हा मी हात फिरवते.

मिस्त्री: कशावर?

बायको: तुम्ही केलेल्या कामावर. लागेल तिथे खडूने गोल करते. पेंटर त्यावर पुट्टी भरतो, घासतो. तुम्ही उठायच्या आत खडू पुसलेला असतो. हे छत पेंटरकडे जाताना बघीन म्हणून राहिलं होतं. रंग नको म्हणाली ते मला आत्ता कळलं.

मिस्त्री: म्हणजे पेंटरला माहीत आहे.

बायको: हो.

मिस्त्री: वर्षभर.

बायको: तो कुणाला एका शब्दाने बोलला नाही हो.

मिस्त्री: मला बोलला नाही त्याचं काय? रोज माझ्यासमोर बसून चहा पितो! म्हणजे टोपी मला घातलीत तुम्ही. दोघांनी मिळून.

बायको: घातली. वाटलं होतं, आज ना उद्या तुम्हीच सांगाल. तुम्ही सांगेनात, मग माझ्याही तोंडून निघेना.

मिस्त्री: आणि मी म्हणालो, की हाताचं मलाच माहीत नव्हतं, तर?

बायको: असं म्हणू नका. मी तुमच्याशी खोटं वागले ते वागले. तुम्ही नका वागू.

मिस्त्री: हं.

बायको: रागवा हवं तर.

मिस्त्री: आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या. म्हटलं, चला, दुखणं गेलं. ठोका अजून बरोबर बसतो माझा, खोटं नाही सांगत. पण बसला ते हात सांगत नाही. आवाज ऐकतो, उजेडात तिरपं बघतो, बाकी सगळं अंदाजपंचे. शर्टाची बटणंसुद्धा बघून लावतो.

बायको: दिसतं मला.

मिस्त्री: तुला सगळंच दिसतं.

बायको: मग बोलायचं नाही का?

मिस्त्री: काय बोलू? डेंटर म्हणजे काय गं? हातोडी कुणीही विकत घेईल. लोक या हाताकडे गाडी आणतात. तोच गेला म्हटल्यावर मी इथे करू काय, झाडू मारू? भीती वाटते मला. रोज सकाळी शटर वर करताना वाटते.

बायको: मलाही वाटते. दुपारी तुम्ही पडायला गेलात की खडू हातात घेताना वाटते, आज काय निघतंय म्हणून.

(गाडीची मालकीण दारात येऊन उभी राहते.)

गाडीवाली: काका, झाली का माझी गाडी? आज ऑफिसातून लवकर सुटले. अरे, अजून लावलंच नाहीत?

बायको: ये गं. ठेवून बघत होतो नुसतं.

गाडीवाली: बसतंय ना पण? विकणारा म्हणाला होता, छत अगदी मूळ आकारात असलं तरच हे बसेल. मी म्हटलं, त्याची काळजीच नको, आमचे मिस्त्री नुसता हात फिरवून सांगतात. तर विचारतो कसा, कुठल्या कंपनीचं मशीन आहे ते?

मिस्त्री: बसत नाहीये.

गाडीवाली: बसत नाही? मग त्यांनी चुकीचंच पाठवलं असणार. तुम्ही फक्त हो म्हणा काका, मी आत्ता फोन करून भांडते. खोका अजून जपून ठेवलाय मी. आठ दिवसांत परत घेतात.

बायको: अहो...

मिस्त्री: थांब गं. मी सांगतो. पोरी, फोन करू नकोस. तुझ्या मालात काही खोट नाही. छत चुकलंय. मी केलं ते चुकलंय. मधे उंच राहिलं. हात लावून बघ.

गाडीवाली: कुठे? मला तर काहीच लागत नाही.

मिस्त्री: मलाही लागलं नाही. तुझं ठीक आहे, तुझा तो धंदा नाही. माझा आहे. माझे हात बधिर झालेत. काही कळत नाही त्यांना.

गाडीवाली: अहो काका, असं काय... पण मग हे सापडलं कुणाला?

मिस्त्री: हिला.

गाडीवाली: काकूंना?

बायको: रेक्झिनखाली सुरकुती राहिली की बोटाला लागते ना, तसंच आहे ते.

मिस्त्री: तसंच नाही. पत्रा वेगळा. पण तिला कळतं. गेलं वर्षभर इथून गेलेली प्रत्येक गाडी तिच्या हाताखालून गेलीय. मलाही आत्ताच समजलं.

गाडीवाली: कमालच आहे की काकूंची! म्हणजे पावसाळ्याआधी माझं दार केलंत, ते पण?

बायको: ते पण.

गाडीवाली: पण दार झकास झालंय. सगळे विचारतात कुठे केलं म्हणून. मी तुमचंच नाव सांगते, काका.

मिस्त्री: ठोकलं मीच होतं. ते मीच केलं होतं.

बायको: तुम्हीच केलंत. मी खडूने एकच गोल काढला होता त्या दाराला. बाकीच्या गाड्यांना पाच-सहा निघतात.

मिस्त्री: एकच?

बायको: एकच. तोसुद्धा खाली, कोपऱ्यात.

मिस्त्री: हे छत परत घ्यावं लागेल. कापड पुन्हा सोडवायचं. ही बाहेरून हात फिरवून सांगेल कुठे ते, मी आतून ठोकळा धरून वरून ठोकीन. एवढं जमेल मला. पण आज नाही होणार. आज घाई केली तर परत तेच होईल.

गाडीवाली: चालेल की. मला शनिवारी निघायचंय. मग आज नेऊन उद्या सकाळीच परत आणू का गाडी?

मिस्त्री: हिला विचार.

बायको: उद्या नको गं. तशीच ने गाडी, प्रायमर आहे, गंजणार नाही, आणि प्रवासाहून आलीस की आण. उद्या गॅरेज बंद ठेवतेय. यांना दवाखान्यात न्यायचंय.