घरात उणे म्हणू नये

…तिकडं नोका बसू मास्तर, ते जवारीचं पोतं आहे — दाण्यावर बसत नाहीत आमच्यात — या, हे घोंगडं टाकलं, याच्यावर बसा. खुर्ची नाही खोलीत, लाजच वाटते. पाणी घ्या. जगदेव आडावर गेला, तुमाले गल्लीत पाह्यलं अन् बादली उचलून पळाला — येईन, जाते कुठं. मी त्याच्या बापाची माय, सोजरबाई. त्याच्यासाठीच इंझोरीचं घर सोडून वाशीमले आली, लेकराले दोन टाइम भाकरी थापून द्यायले… काय म्हणता? गावी घेऊन जाऊ त्याले? शाळेतून नाव काढू? अरे देवा. काहून पण? बाकी साऱ्यात तं बरा आहे म्हणता — मंग एका बीजगणितापायी? मास्तर, एकडाव तो गावी गेला का त्याचा बाप त्याच्या हाती औत देते अन् मंग शाळा संपली. बापाले तेच पायजे. मीच भांडून आणलं त्याले इथं.

म्हणजे हात तुमीच सुजवला त्याचा? मले म्हणे, आडाचा दोर लागला. मी हळद लावली अन् खाली ते मेहरबी राह्यते तिच्याजवळ बसून त्या दोराले पोटभर शिव्या घातल्या — दोराले हो, तुमाले काहून घालीन — बरं, माहीत असतं तं एखादी तुमालेही घातली असती, खोटं कायले बोलू. पण तुमी बिनकामी छडी मारनार नाही, पोट्टं चुकलंच असंन. काय चुकते ते तरी सांगा. मले अक्षर येत नाही, काळं का गोरं ते ठाव नाही, पण एकडाव आयकलेलं मी इसरत नाही, अन् तो रोज सांजेले इथंच मोठ्यानं पाठ करते. या जर्मनच्या लढाईपायी घासलेट भेटत नाही, दिवा जरासाच जळते, म्हून दिवेलागणीलेच सारं उरकून घेते.

बोला ना… आडवी रेघ दिसली का हा तिच्यावर उभी मारते? अधिक करून टाकते? हरेक गणितात? …कंसाबाहेर आडवी रेघ असली का आतल्या साऱ्यांची चिन्हं फिरतात — हो — बाकीची पोरं पयल्याचं फिरवतात अन् मागच्यांचं इसरतात, ते तुमाले समजते, दरसाली पोरं तिथंच पडतात म्हणता. पण हा एकाचंही फिरवत नाही… बरोबरच्या चिन्हापल्याड नेलं तरी अधिकचं अधिकच… अन् उत्तर आडव्या रेघेचं आलं तं रेघ पुसून नुसता आकडा ठेवते. अन् इचारलं तं मुका उभा राह्यते, म्हून तुमाले वाटलं, हा खोडी करून राह्यला, मास्तराची मजा घेऊन राह्यला…

थांबा मास्तर. जरा थांबा.

त्याची खोडी नाही ते. कसं सांगू आता — तुमी आमच्या घरी जेवले असते तं समजलं असतं तुमाले. जवारीचा तळ लागला तरी आमी वाढली म्हणतो, तो दुसरा शबद घरात काढत नाही. खळ्यावर रास मोजतानी पयल्या मापाले एक नाही म्हणत, लाभ म्हणतात — लाभ, दोन, तीन… काय? वर्गातही त्यानं तसंच मोजलं? पोरं हासली? …हेही सांगतलं नाही पोट्ट्यानं मले. तुमालेही हसू येत असंन, हासा. पण मी लहान होती तवा छप्पनचा दुष्काळ पडला, चाळीसाच्या वर सालं झाली त्याले. माय रिकाम्या कणगीत हात घाले, तळाले तिची नखं वाजत, आमाले बाहेर आयकू येत — अन् बाहेर येऊन काय म्हणे? वाढली रे लेकरांनो, आता उद्या. मरेपावतर तो दुसरा शबद तिनं तोंडातून काढला नाही. आमी भावंडं जगलो. त्या बोलण्यानं जगलो का कोणी घुगऱ्या वाटल्या म्हून जगलो, मले काय ठाव — पण भेव बसलं ते बसलं, आता म्हातारपणी कुठं निंघते.

मंग इथं आली मी, सालाची जवारी गाडीत घालून, अन् पयल्याच सांजेले हे पोट्टं त्या पोत्याले पाठ टेकून बसलं अन् लागलं मोठ्यानं — तोच शबद, आडव्या रेघेचा, पुन्हा पुन्हा — दिवेलागणीची येळ, भरलं पोतं मागं — मी थापती भाकर तशीच सोडून उठली. म्हटलं, जगदेव, घरात हे बोलायचं नाही. तो हासला, म्हणे आजी, हे आकडे आहेत. म्हटलं असू दे, मनात तेच समज, तोंडानं अधिक म्हण. नाही तं मी उद्याच्या गाडीनं इंझोरीले जातो, मंग भाज आपल्या हातानं भाकर. …म्हटलं त्यानं. मंग रोजच म्हणे. अधिक गुणिले अधिक, अधिक. अन् लगेच पुन्हा — अधिक गुणिले अधिक, अधिक. मी म्हणो, अरे एकच ओळ कितीदा घोकतं? तो म्हणे, आजी, ही दुसरी आहे. मंग म्हणे, अधिक पल्याड नेला का अधिक होते. म्हटलं, मंग बदललं काय रे? तं माह्याकडं पाहे अन् पुढची ओळ घोके. मले वाटलं, मनात बरोबर असंन त्याच्या. पण जिभेले जे वळण लागते ते हातालेही लागते मास्तर, खळ्यावर जल्म काढलेला माणूस बजारात मिरच्या मोजतानीही लाभच म्हणते. हे मले समजाले पायजे होतं. तुमाले कसं समजन? मले समजाले पायजे होतं.

नाही, तो तुमाले कायले सांगन? भऱ्या वर्गात आजीचं हसू कराले? मारच खाल्ला त्यानं… अन् घरी तरी काय. एकडाव गोधडीत तोंड घालून पुटपुटून राह्यला होता, मले वाटलं देवाचं नाव घेते, जवळ गेली तं तोच शबद. म्हणजे शिकाचंच होतं ना त्याले, लपून शिकून राह्यला होता — अन् मी थापड मारली. चांगली जोरात. तवाही रडला नाही, आजी चुकलो म्हणे… हे मले सांगाचं नव्हतं तुमाले. निंघून गेलं तोंडातून. तुमच्याकडं म्हणत नाही म्हून छडी अन् माह्याकडं म्हणते म्हून थापड. कुठं जावं लेकरानं?

आला पाहा. ये रे, ठेव बादली, सांज झाली, दिवा लाव. भेऊ नको, मास्तर माराले नाही आले. मास्तर, इचारा त्याले, माह्यापुढं इचारा — एखादं कंसाचं द्या. …हं, बोल जगदेव. …अधिक नाही रे बाप्पा! माह्याकडं कायले पाह्यतं, पाटीकडं पाहाय. आडवी रेघ आहे तं आडवीच वाच. म्हण… म्हण ना, आजीच सांगून राह्यली… पाह्यलं मास्तर? ओठ मिटून बसला. मार खाईन पण म्हणनार नाही. माहाच धाक आहे हा, माह्याच हाताचा.

उणे.

आयकलं? मीच म्हटलं. उणे. दिवा लागला, घर भरलं आहे, अन् म्हटलं. आता काय लागाचं ते मले लागन, तुले नाही. रडू नको, नाक पूस… मास्तर, नाव काढाचं ते महिनाभरानं पाहाजा, एवढं आयका माहं. आता शिकवा त्याले. मी खाली मेहरबीजवळ जाऊन बसतो, मी समोर असली का त्याची जीभ उचलनार नाही. दार लोटून घ्या. अन् मोठ्यानं म्हणू द्या, खालपर्यंत आयकू आलं तरी चालते. …नाही, मले नोका थांबवू. अन् असे पाहू नोका माह्याकडं. बसा. सुरू करा.