व्हॉल्व्हचा आवाज

आमचा ऑर्केस्ट्रा मीच मोडला, ऐका. माझ्या गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या नळ्यांचा. आमच्यातला दुसरा गिटारवाला सुनील, त्याने स्वतःसाठी ट्रान्झिस्टरचा नवा आणला, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हा पत्र्याचा आवाज आहे. हाच वाजवायचा असेल तर येऊ नकोस." तो परत आलाच नाही, आणि त्याच्याविना ऑर्केस्ट्राही विस्कटला.

इतक्या वर्षांनी परवा माझा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. पारोळ्याच्या नाना मेकॅनिककडे नेला. सुनील ऑर्केस्ट्रा सोडून जायच्या आदल्या वर्षी त्यांनीच तो दुरुस्त केला होता.

"नाना, नवे व्हॉल्व्ह टाका."

"भाऊ, ते मिळेनात म्हणून मी तेव्हाच आत ट्रान्झिस्टर बसवले. व्हॉल्व्ह नुसते दिव्यासारखे पेटतात."

तिथूनच सुनीलला फोन लावला, सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "गिटार मी तू बोललास त्याच आठवड्यात देऊन टाकली रे. आता बोटंच वळत नाहीत."