जाकीरले न सांगितलेला पिवळा रंग

...अन् वरून शाल! मे महिन्यात, भर उन्हात, पत्र्याच्या शेडात शाल! तुमाले सांगतो, मी नको नको म्हणून राह्यलो होतो, पण ऐकते कोण? ती संस्थेची पायल माइकवर म्हणते, "मोतीराम बाबांनी आपलं ज्ञान आयुष्यभर मुक्त हस्तानं वाटलं!" मुक्त हस्तानं! अन् मी लेकाचा फुगलो की हो! तो हार नाकाले टोचून राह्यला तरी फोटो निघेपर्यंत काढला नाही. आता तो फोटो ग्रामपंचायतीनं त्याच शेडात लावलाय, येता-जाता दिसते. कोणतं तोंड दाखवू, तुमीच सांगा!

आता हे झालं कसं... तर मी लोहार, बीबी गावचा. विळे, कुऱ्हाडी, अन् मुख्य म्हणजे वखराची पास. पास म्हणजे ते रुंद पातं हो, मातीखालून तण कापत जाते ते. पंचक्रोशीत माही पास चालायची! मंग आली बीटी कपाशी. लोकांनी बैल इकले, ट्रॅक्टर बोलावले, तणावर औषध मारलं, मंग माह्या भट्टीकडं कोण येते? खोटं नाही सांगत, दहा वर्सं माह्या भट्टीत आमच्या घरवालीची, रुख्मिणीची, कोंबडी अंडी घालून राह्यली! मी घरातून बाहेर पडलो का ती कोंबडी माह्याकडं असं पाहे, का बा तूच इथं पाहुणा हायस. असो. मंग बोंडअळी आली, निंदाले मजूर मिळंना, औषधानं तण जाईना, तवा कोणाले तरी आठवलं, "अरे, माळ्यावर आपल्या बापाचा वखर हाय!" हाय, पण गंजला. पासेचा पापड झालेला. झालं! मेहकरच्या एका संस्थेनं वर्ग काढला, जुनी अवजारं नीट करायचा, अन् शिकवाले कोण? मोतीराम!

पहिल्या दिवशी शाल-हार झाला, बारा जण आले शिकाले. त्यात चार पोरी. मले वाटलं, पोरी काय घण मारतात! पण मारला हो, चांगला मारला. मी खुशीत आलो. अन् खुशीत आलं का माही जीभ सुटते, रुख्मिणी रोज सांगते, "जिभेले गोठ्यात बांधून जात जा." ऐकलं असतं तर! म्या म्हणलं, "पोरांनो, हात पाहिजे हात! नुसतं शिकून होत नाही. माह्याकडं एक होता जाकीर. तीन वर्सं शिकला. साखरखेर्ड्याले भट्टी टाकली. अन् त्याची पास कशी? वावरात दगड लागला का टण्ण! टवका उडाला! गिऱ्हाईक ते घेऊन येते अन् जाकीर कसा उभा..." अन् म्या नक्कल केली हो! खांदे पाडले, तोंड वासलं, "क्या मालूम भाऊ, कैसा टूटा!" सारे हसले. पायल हसली. मी पुन्हा करून दाखवली! एकदा पुरली नाही मले!

मागं एक पोरगी बसली होती, मेहकरहून यष्टीनं येणारी. ती नाही हसली. वहीत लिहून राह्यली होती. म्या म्हणलं, "काय नाव बाई तुहं?"

"अलफिया."

"पूर्ण सांग."

"अलफिया जाकीर."

तुमाले सांगतो... बाहेर बकरी ओरडली तर मले वाटलं मलेच हासली. कोणतं तोंड दाखवू! अन् ती पोरगी उठली, पिशवीतून एक जुनी पास काढली, धारेले तीन टवके गेलेले, अन् अदबीनं, अगदी अदबीनं म्हणते, "बाबा, अब्बूच्या हातची हाय. टवका काऊन उडते, ते सांगा ना."

आता खरं ते ऐका. टवका काऊन उडते, हे मले माहीत होतं! लोखंड लालभडक करून पाण्यात बुडवलं तर कडक होते, पण काचेवाणी कडक. खरी गोम त्याच्या पुढं हाय. चटकन बाहेर काढायचं, धार घासून चमकवायची अन् पाहत बसायचं. आतली ऊब हळूहळू धारेकडं सरकते अन् पांढऱ्या लोखंडावर रंग चढत येते. गव्हाच्या काडीवाणी पिवळा दिसला का पुन्हा पाण्यात! उशीर झाला, निळा आला, तर धार मऊ. एवढंच. एवढंच हो! अन् हे एवढंच म्या जाकीरले तीन वर्सांत सांगतलं नव्हतं. पिवळा बघायची वेळ आली का मी त्याले चहा आणाले पाठवू. तीन वर्सांत लय चहा पेलो मी.

काऊन? तर साखरखेर्डा किती दूर हाय? गिऱ्हाईक गेलं तर? हे एवढुसं मन! अन् मले कोणं शिकवलं होतं ते सांगू? फकीर मोहम्मद चाचानं. जाकीरच्या बापानं! कान धरून धरून दाखवलं, "देख बेटा, पीला... पीला... अब!" चाचा गेला तवा जाकीर आठ वर्सांचा. मोठा झाल्यावर त्याची माय अजीजुन्निसा भाभी त्याले घेऊन माह्या दारी आली, म्हणली, "भाऊ, याच्या बापानं तुमाले दिलं, तुमी याले द्या." अन् म्या काय दिलं? चहाची किटली! कोणतं तोंड दाखवू, सांगा ना!

आता तिथं तरी खरं बोलावं का नाही? पोरीले पिवळा रंग दाखवला, साऱ्यांनी पाहिला, वा वा म्हणले. ती हळूच म्हणते, "हे अब्बूले सांगतलं नव्हतं का?" अन् माह्या तोंडून काय निघावं? "सांगतलं होतं बाई. विसरला असन."

घरी येऊन रुख्मिणीले सांगतलं. ती भाकरी थापून राह्यली होती. हात थांबला. "पोरीसमोर तिच्या बापाले खोटं पाडून आले?" बस. ताट वाढलं, पण असं ठेवलं का वरणच उडी मारून बाहेर आलं.

सकाळच्या पहिल्या यष्टीनं मेहकर गाठलं. जाकीर जिनिंगवर हमाल हाय. सरकीच्या ढिगाजवळ उभा, अंगभर कापूस, भुवया पांढऱ्या, मले वाटलं म्हातारा झाला का काय. "अरे उस्ताद! आओ, बैठो!" म्हणून पोत्यावर गमछा टाकला माह्यासाठी. त्यानं गमछा टाकला नसता तर मले बोलणं सोपं गेलं असतं. कसंबसं सांगतलं. पिवळा, चहा, नक्कल, विसरला असन... सारं. मान खाली.

त्यानं भुवयांवरचा कापूस पुसला. मंग म्हणला, "अलफियानं कालच दाखवलं मले. घरी गॅसवर. माही वस्तऱ्याची पाती तापवली पोट्टीनं." हासला. मंग हासणं थांबलं. "उस्ताद, बीटी आली म्हणून भट्टी बंद पडली, असं मी लोकाले सांगतो. पण बीटीच्या आधीच गिऱ्हाईक तुटलं होतं. अम्मी मरेपर्यंत मी तिले म्हणत राह्यलो, माह्या हातातच नाही. अब्बाच्या हातात होतं, माह्यात नाही. तिनं माह्या हातावर दुवा फुंकली हो, रोज. अन् हात बरोबर होता."

मी त्याचे पाय धराले वाकलो, तर कंबर धरली. वर येईना! त्यानंच उचललं मले, सरकीच्या पोत्यावाणी. म्हणला, "मले नका सांगू. जिथं नक्कल केली, तिथं सांगा. गुरुवारी माही सुट्टी हाय, मी येतो."

आला. मागच्या रांगेत, पोरीजवळ बसला. अन् म्या उभा राहून सांगतलं, बारा जणांसमोर, माह्या फोटोखाली. मोठ्या आवाजात. "जाकीरचा हात चांगला होता. नियत माही खराब होती." मले वाटलं, आता थू थू करतीन, उठून जातीन. गेले असते तर सुटलो असतो! पण ही आजकालची पोट्टी... पायलनं वही उघडली अन् म्हणते, "बाबा, आणखी काय काय नाही सांगतलं?"

म्या म्हणलं, काही नाही. जाकीर माह्याकडं पाहून राह्यला. मंग म्या म्हणलं, एक हाय... तेलात कधी बुडवायचं ते. पायलनं लिहिलं. मंग आणखी एक आठवलं, कुऱ्हाडीच्या जोडाचं. मंग विळ्याच्या बाकाचं. आठवतच गेलं हो! दुपारपर्यंत सात झाले! सात! मी एवढा हरामखोर हाय हे मलेच माहीत नव्हतं!

सातवं लिहून झाल्यावर जाकीर उठला. डोळे पुसत होता का हासत होता, कळंना. म्हणला, "उस्ताद, मंग तीन वर्सं मले शिकवलं तरी काय?"

लय विचार केला. प्रामाणिकपणे केला. अन् म्हणलं, "भाता ओढाले."