समुद्राची लोकर

हॅमिल्टन गावच्या बेकरीत मटण भरलेल्या पाईंसाठी रांग लागली होती. निवृत्त ग्रंथपाल एम्रिस पुस्तक उघडून उभा होता, पण पान काही उलटत नव्हतं. त्याच्या पुढं मेंढ्या कातरणारे डेस आणि मर्व बोलत होते.

"चित्रकलेच्या बाईंना झापायला शाळेत गेला होतास म्हणे, डेस?"

"गेलो होतो. आमच्या टेसनं चित्रात मला मेंढी कातरताना काढलंय, आणि कात्रीखालून लोकर नाही, समुद्र निघतोय. माशांसकट."

"पोरगी बापावर गेली."

"गप रे. मी बाईंना म्हटलं, सातवीतल्या पोरांना हे कसलं खूळ शिकवता? तिला तुमच्या वर्गातून काढतो."

"मग?"

"बाई म्हणाल्या, स्वप्नातलं चित्र काढताना एकच गोष्ट अशक्य ठेवायची, बाकी सगळं तंतोतंत खरं. त्यात चूक सापडली तर खुशाल न्या पोरीला."

"आणि तू चूक शोधत बसलास."

"बसलो. मेंढी ढुंगणावर बसवलेली, गुडघ्यांत धरलेली, डाव्या हातानं कातडी ताणलेली. माझी वाकडी पाठसुद्धा."

"आणि समुद्र?"

"अख्खा उतरलाय, लेका. चांगली लोकर उतरते तसा, एका तुकड्यात. कुठं त्याच जागी दुबार कात्री मारलेली नाही."



"तुझ्या हातून तरी कधी अशी लोकर उतरली का?"

"क्वचित."

"म्हणजे पोरगी वर्गातच राहणार."

"राहणार. चित्र यंदा कृषी प्रदर्शनात लागतंय. बाई म्हणाल्या, कलादालनात लावू."

"छान की."

"मी म्हटलं, नाही. लोकरीच्या दालनात लावा. तिथल्या परीक्षकांना बघू दे."