पाठीवरची चार नावं

मी मूळचा दापोली तालुक्यातला, खाडीच्या काठचं गाव आमचं, हर्णैहून पुढं चालत जायला लागायचं तेव्हा. अब्बा दर्यावर होते. मलाही नेऊन बघितलं त्यांनी, पण होडी हलली की माझ्या पोटात ढवळायचं, तर त्यांनी मला उचलून शिंप्याच्या दुकानात बसवलं, बोलले हा जमिनीवरच बरा. आणि तो जमिनीवरचा मी, मुनाफ, एवढं पाणी ओलांडून बहरीनला आलो आणि वीसेक वर्षं झाली इथंच मशीन चालवतोय, आता याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

दुकान आमचं अमेरिकन तळाच्या जवळच्या गल्लीत. फौजी लोकांच्या छातीवर नावाच्या पट्ट्या शिवायच्या, पँटी आखूड करायच्या, शाळांचे गणवेश, असं सगळं. मी आलो तेव्हा शौकतमामू आधीपासून होते. श्रीवर्धनचे. सख्खे मामा नव्हेत, पण पहिल्या दिवशी मी भराभर टीप मारायला लागलो तर त्यांनी माझा हात मशीनवरून उचलला आणि बोलले, घाई गिऱ्हाइकाला असते रे, आपल्याला नसते. तेव्हापासून मामू. दोरा तोडायचा कसा, गाठ कुठं लपवायची, सगळं त्यांचंच माझ्या हातात. मालक अबू यूसुफ, सनद म्हणून इथलंच एक गाव, तिथं राहतात, माणूस वाईट नाही, आम्ही अरबाब म्हणतो. संध्याकाळी येतात, चहा घेतात, काय झालं काय नाही विचारतात आणि जातात.

तर तुम्ही विचारलंत त्या जर्सीचं. सांगतो, पण मला स्वतःलाच ते नीट कळलेलं नाही, तर तुम्हाला कसं कळवू?

डॅरल म्हणून एक अमेरिकन गिऱ्हाईक आहे. दारातून आला की दुकानात अंधार होतो एवढा मोठा. फौजी नाही, तळावर इंजिनं दुरुस्त करतो, कामगारच आपल्यासारखा. सप्टेंबरात, घामाने मशीनचं चाक हातातून सुटायचं त्या दिवसांत, तो एक विटकरी रंगाची जर्सी घेऊन आला. त्याच्या गावच्या टीमची. टीमचं नाव मी घेत नाही, आधीच बिचारे बदनाम. पाठीवर पांढऱ्या जाड कापडाची इंग्रजी अक्षरं होती, हॅलोरन. बोलला हे काढ आणि पाइक लाव. मी विचारलं, का हो, चांगलं तर आहे. तर बोलला, हॅलोरनचा खांदा गेला, आता पाइक खेळणार.

फुटबॉलच म्हणतात त्याला, पण पायाने फारसं कोण खेळतच नाही. चेंडू असोल्या नारळासारखा लांबट. एकेका बाजूला अकरा जण, आणि त्यातला एक मागं उभा राहून तो नारळ लांब फेकतो, दुसऱ्याने पळत जाऊन झेलायचा. त्या फेकणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हणतात. टीम त्याचीच, नाव त्याचं, जिंकलं तर तो आणि हरलं तर तोच. डॅरलने मोबाईलवर दाखवलं मला. मला तर नुसती माणसं एकमेकांवर पडताना दिसली, ढीग झाला, शिट्टी वाजली, परत उठले, परत पडले. मी विचारलं, यात हरलं कोण? बोलला, आम्ही. आम्हीच हरतो, बॉस.

मग दर सोमवारी. रविवारी त्यांची मॅच, सोमवारी दुपारी डॅरलचं तोंड बघून कळायचं, विचारायला नको. एक हरली, दुसरी हरली, थंडी पडायला लागली तरी हरतच होती. पाइकला बसवला आणि बर्डसॉल आला. मी परत उसवलं. उसवणं हे शिवण्यापेक्षा अवघड काम, काय सांगू तुम्हाला, जाड अक्षराखालची टीप ब्लेडने एकेक तोडायची, खालचं कापड फाटता कामा नये, आणि कितीही सांभाळा, जुन्या टाक्यांची भोकं राहतातच. हॅलोरनची भोकं, त्यावर पाइकची भोकं. उसवता उसवता मला वाटायचं, या पोराची आई कुठंतरी असेल, आणि मी इथं बसून तिच्या पोराचं नाव काढतोय. मला वाईट वाटायचं. बायकोला फोनवर सांगितलं तर ती बोलली, तुम्हाला काय करायचंय त्या अमेरिकेच्या नारळाचं? आपल्या नारळांना उंदीर लागलेत, ते बघा. तिचंही बरोबर.

पण मी डॅरलला विचारलं एकदा. अकरा जण हरतात आणि नाव एकाचंच उसवायचं, हे कसं? बदललं तर जिंकता का? बोलला, नाही. मग बदलता कशाला? तो स्टुलावर बसला, आमचं स्टूल कुरकुरलं. बोलला, काहीतरी केलं असं वाटायला पाहिजे ना.

आता माझं सांगतो. बर्डसॉलचं नाव लावताना मी मशीन घेतलंच नाही. हाताने धावदोरा मारला, लांब लांब टाके. कापडाची काळजी, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे मला वाटलं, हाही जाणारच आहे, पंधरा दिवसांत परत माझ्याकडेच येणार, कशाला पक्कं करा. आणि काय झालं, मॅच बघायला सगळे मित्र जमलेले, टीम हरत होती, डॅरल उठून ओरडला आणि पाठीवरची दोन अक्षरं सुटून लोंबायला लागली. मित्र हसले. बोलले, बघा, याचा शिंपीसुद्धा हरला.

सोमवारी आला तो. रागावला असता तर बरं झालं असतं. हळू बोलला, तुलाही वाटलं ना, हा टिकायचा नाही? मी खोटं बोलायला गेलो पण जमलं नाही. हो बोललो. तर म्हणतो, त्या पोराची पहिलीच मॅच होती रे.

मामू बाजूच्या मशीनवर होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, सलमानिया हॉस्पिटलात ऑपरेशनची जानेवारीतली तारीख मिळालेली, तोपर्यंत धुक्यातून शिवत होते. त्यांनी जर्सी घेतली, बोट फिरवलं, बोलले, धावदोरा? माणसाचं नाव आहे ते मुनाफ, झालर नव्हे. उसवायची वेळ येईल तेव्हा उसव. शिवतानाच उसवायचं मनात धरून शिवू नको.

मी मान खाली घातली. कारण मामूंना माहीत नव्हतं, पण मी त्यांनाही धावदोराच मारत होतो. नावाच्या पट्ट्या मी गुपचूप माझ्याकडे ओढायला लागलो होतो, त्यांच्याकडे नुसती तुरपाई सरकवायचो, त्यांचं झालेलं काम परत उलटून बघायचो. मामू जाणारच, असं मनात धरूनच बसलो होतो मी.

डिसेंबरात नॅशनल डेची गर्दी. लाल-पांढरे पोशाख शाळांचे, ढिगाने, अरबाबनी झेपेल त्याच्या दुप्पट काम घेतलेलं. मामूंनाही परत काही पट्ट्या द्यायला लागलेल्या, आणि त्यातच पट्ट्यांचे शर्ट परत यायला लागले. नाव तिरकं, कुठं खिशावर चढलेलं, एक तर उलट्या बाजूला. त्यांच्या बदल्यात नवीन शर्ट करून द्यावे लागले आणि परत आलेल्यांचा गठ्ठा फळीवर पडला. अरबाब संध्याकाळी आले, चहा घेतला नाही. मामू नमाजला गेलेले. मला बोलले, शौकतचा व्हिसा संपतोय, नवा करायचा की नाही मला ठरवायचंय. हे कोणाचं काम? मी बोललो, अरबाब, सगळ्यांचंच, काम जास्त होतं. बोलले, सगळे म्हणजे कोणीच नाही. यल्ला, एक नाव सांग.

एक नाव. बघा.

मी काय बोललो असेन? मामूंचं नाव मी घेतलं नाही, अल्लाची शपथ. मी बोललो, अरबाब, जानेवारीत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, ते होऊ दे आधी, मग विचारा. त्या वेळी मला वाटलं मी त्यांना वाचवलं, व्हिसा गेला तर ऑपरेशन गेलं, गावी कोण आहे त्यांचं बघायला? पण अरबाबनी मान हलवली आणि बोलले, अच्छा, म्हणजे डोळा. म्हणजे तोच. मी बोललो, नाही नाही, मी तसं नाही बोललो. ते उठले, बोलले, ठीक आहे, डोळा होऊ दे, मग खलास. आणि गाडीत बसले.

मी किती वेळा उलटून बघितलं ते वाक्य. दया केली मी की बोट दाखवलं? तुम्ही लिहिता-वाचता, तुम्हाला कळत असेल. मला अजून कळलेलं नाही.

व्हिसा थोड्या दिवसांसाठी वाढवला, ऑपरेशन झालं, देवाच्या दयेने चांगलं झालं. तेव्हाच डॅरलच्या टीमची शेवटची मॅच होती, चौथा फेकणारा होता, ग्रूम, त्याचं नाव मात्र मी मशीनवर पक्कं शिवलेलं. आणि जिंकले हो! अख्ख्या मोसमात ती एक. मी सोमवारी मिठाई आणून ठेवली. डॅरल आला तर मयताला आल्यासारखा. बोलला, सगळ्यात खाली राहिलो असतो तर नव्या पोरांमधला सगळ्यात चांगला फेकणारा पहिला आम्हाला मिळाला असता, तसा नियम आहे, आता तो दुसऱ्यांना जाणार. मी बोललो, बाबा रे, हरलात तरी रडता, जिंकलात तरी रडता, मी करू काय? त्याने मिठाईचे तीन तुकडे खाल्ले आणि बोलला, मलाही माहीत नाही.

मामू कामावर आले काळा चष्मा लावून. आल्या आल्या फळीवरचा तो गठ्ठा उतरवला. मी बोललो, राहू दे मामू, जुना आहे. त्यांनी चष्मा काढला, दारापाशी उजेडात बसले आणि एकेक शर्ट उलटा करून बघायला लागले. मागची गाठ बघत होते. आम्ही दोघं एकाच हाताचे असलो तरी मी दोरा जरा लांब तोडतो, त्यांनी शंभरदा सांगूनही. दोन ढीग केले त्यांनी. एक लहान. एक मोठा. मी मशीनवर बसून ते बघत होतो, पाय मशीनच्या पायट्यावर होता पण दाबत नव्हतो. मोठा ढीग माझा होता.

मामू उठले. दोन्ही ढीग एकत्र केले, गठ्ठा बांधला, परत फळीवर ठेवला.

संध्याकाळी अरबाब आले. बोलले, हां शौकत, आता दिसतंय? मग तूच बघून सांग, हे कोणाचं काम? बोलायचं होतं मला, माझं माझं माझं, तीन वेळा तोंडाशी आलं. मामूंनी वर बोट केलं. बोलले, अरबाब, नव्या डोळ्याने बघितलं तेव्हा कळलं, ही ट्यूब किती काळी पडलीय. या उजेडात कोणीपण तिरकंच शिवेल.

अरबाबनी वर बघितलं. मग आमच्याकडे बघितलं, दोघांकडे. दुसऱ्या दिवशी दोन नवीन ट्यूब आल्या. मामूंचा व्हिसाही झाला.

त्यानंतर ते एकटे असताना मी त्यांना बोललो, मामू, ते शर्ट. ते सुईत दोरा ओवत होते, स्वतः, पहिल्या झटक्यात. बोलले, कसले शर्ट? बघितले की नाही त्यांनी, मला ओळखलं की नाही, की ढीग मीच मनाने केले, मला आता तेही नक्की सांगता येत नाही. पण दोरा मी आखूड तोडतो आता.

जर्सी माझ्याकडेच आहे. डॅरल बोलला, ग्रूम काढ आणि पाठ कोरी ठेव, नवीन पोरगा ठरला की सांगतो. भोकांची चाळण झालीय, आतून अस्तर लावायला लागणार. अल्ला त्या चौघांना चांगलं काम देवो, त्यांच्या आयांना सुखी ठेवो. पाचवा जो कोण येईल तो येईल, जिंको नायतर हरो, त्याचं नाव मी दुहेरी टीप मारून शिवणार. उसवताना माझेच हाल होतील. होऊ देत.