कोऱ्या पानावरच्या सह्या

मंडळी, एक विचारतो — माणसानं सगळ्यात जास्त भ्यावं कुणाला? वाघाला? सरकारला? बायकोला? — हसताय काय, अण्णा! मागं वहिनी बसल्यात! — ऐका, सांगतो!

कासारदरा नावाचं गाव. शहर सरकत सरकत पार वेशीला टेकलेलं. काल ज्वारी होती, आज सहा मजले! गावात एकच वाद — ग्रामपंचायत ठेवायची, का नगरपंचायत करायची? एक म्हणे, "नगरपंचायत आली की कुठं बांधायचं, किती बांधायचं, याला नियम येतील." दगडू गवळी म्हणे, "आणि माझ्या म्हशी? त्या काय गच्चीवर बांधू?"

त्या गावात गोदूकाकू थिटे. पिठाची गिरणी चालवायची. घर ओढ्याच्या काठी. सून बाळंतीण, बाळ बारा दिवसांचं. आणि वरच्या अंगाला नव्या इमारतींसाठी ओढ्यात भराव पडला! एवढा रुंद ओढा — एका सिमेंटच्या नळात कोंबला! भादव्यात तासभर पाऊस झाला — अन् पाणी घरात! गुडघ्याला! काकू सुनेला पुढं घालून, बाळाला छातीशी धरून माळ्यावर चढली, खाली पाळणा तरंगत भिंतीला धडकतोय — धप्! धप्! — रिकामा होता म्हणून बरं! काटा आला ना? मलाही येतो!

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. तिथली रीत ऐका हं! आत शिरताना रजिस्टरात सही, मग पोहे, मग घर! आणि ठराव? तो सह्यांच्या वरच्या कोऱ्या जागेत मागाहून लिहायचा!

काकू ओरडली, "ओढा बुजवायची परवानगी दिली कुणी?"

सरपंच हणमंतराव गोड हसले. "काकू, तुम्हीच की!"

मागचं पान उलटलं. 'ओढा नळात घालण्यास सर्वानुमते मंजुरी.' खाली पहिलीच सही — गोदावरी थिटे!

काकूला आठवलं — त्या दिवशी गिरणी उघडायची घाई होती, सगळ्यांच्या आधी आली, सही ठोकली, गेली!

"आणि आजच्या पानावर काय लिहिणार?"

"गाव म्हणतंय, नगरपंचायत नको."

"गाव कधी म्हणालं?"

"या काय साठ सह्या! बसा, पोहे खा. — आणि काकू, घराचे कागद नीट आहेत ना तुमच्या?"

कळली ना धमकी? साठ माणसं बसलेली — एक हलेना! मान खाली, नजर बशीत!

काकूनं पेन उचललं. सरपंचांना वाटलं, आली वाटेवर, करतेय सही! तिनं वरच्या कोऱ्या जागेत, या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहिलं — 'या सह्या झाल्या तेव्हा पान कोरं होतं. आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं.' आणि मोठ्यानं वाचलं! "हे खोटं वाटत असेल त्यानं उठून आपली सही खोडावी!"

मंडळी... एकही उठला नाही! मग एक बशी खाली ठेवल्याचा आवाज. दगडू गवळी! "मला नगरपंचायत नकोच! पण आधी तो नळ फोडा! म्हशीसुद्धा बुडतील की!" झालं! तोंडं उघडली! दिवस मावळेपर्यंत भांडले, आणि त्या गावात पहिल्यांदा ठराव आधी लिहिला, सह्या मग झाल्या — ओढा मोकळा करा, नगरपंचायतीचं घरोघर विचारून ठरवा!

नळ निघाला? अजून नाही. बाळ अजून माळ्यावरच निजतं. ढग गडगडला की काकू आधी आपल्या उजव्या हाताकडं बघते.

कुणाला भ्यावं, कळलं? त्या हाताला!

आणि हो — मंडपात शिरताना तुम्ही सगळ्यांनी या वहीत सह्या केल्यात ना? पुढ्यातच आहे माझ्या. वरचं अर्धं पान कोरं आहे!

का हो अण्णा, आता हसत नाही? उठा! आधी पान बघून या — मग म्हणू विठ्ठल!