जिशानची कॉलर ट्यून

दुपारी बारा वाजता मलिकाने धाकट्या भावाचा मोबाईल भद्रावतीच्या रिचार्ज दुकानात दिनेशसमोर ठेवला. भाऊ, जिशान, मागच्या महिन्यात वारला होता.

“दिनेशभाऊ, याची कॉलर ट्यून बंद करून द्या.”

“काऊन बाई? राहू द्या ना.”

“अम्मी दिवसभर याच नंबरले फोन लावते, ट्यून आयकत बसते. जेवत पण नाई.”

“कोणती ट्यून हाये?”

“बँडबाजावाली. लग्नाची लय घाई होती त्याले.”

“एक मेसेज केला का बंद. पण ते ट्यून कंपनीनं आता काढून टाकली, मंग परत लागणार नाई. करू?”

जिशानचा मोबाईल वाजला. स्क्रीनवर ‘अम्मी’ आलं.

“उचला, बाई.”

“नको भाऊ. उचलला तं तिची ट्यून तुटते.”

मोबाईल वाजत राहिला. मेसेज अजून गेलेला नव्हता.